गोळी बदलताना एक पान हातात द्या : मानसोपचारतज्ज्ञांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर मंडळी,

स. न. वि. वि.

मी बायपोलरची पेशंट आहे, म्हणजे मन कधी उधाणतं (उन्माद), कधी पार खचतं असा आजार. २००९ साली, सव्विसाव्या वर्षी निदान झालं. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते, पतसंस्थेत नोकरी करते. नाव लिहीत नाही, कारण घरात पुतणीचं लग्न जमवायचं चाललं आहे आणि स्थळ बघायला येणारी माणसं घरात कुणाला काय आजार आहे हे आधी विचारतात. तुमच्यापैकी काहींनी मला तपासलं आहे, बहुतेकांनी नाही. तरी पत्र सगळ्यांनाच लिहिते आहे.

मागणं एकच आहे. तुम्ही आमची गोळी बदलता तेव्हा ती कोणत्या तारखेला किती कमी करायची, नवी किती वाढवायची, घरच्यांनी कशाकडे लक्ष ठेवायचं आणि काही बिनसलं तर कुणाला फोन करायचा, एवढं एका पानावर मराठीत लिहून द्या. औषधाची चिठ्ठी तुम्ही देताच. मी म्हणते ते पान वेगळं. ते का हवं, हे सांगण्यासाठी मला जुलै २०१६ चं कालनिर्णय उघडावं लागेल.

आमच्याकडे कालनिर्णय स्वयंपाकघराच्या दाराला असतं आणि रोजच्या चौकोनात दुधाचा हिशोब असतो. त्या जुलैत १ तारखेपासून ८ तारखेपर्यंत प्रत्येक चौकोनात ‘१’ आहे. एक लिटर. ९ तारखेला ‘२’. १० ला ‘२’. १२ ला ‘४’. १३ ला ‘५’ आणि त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात, लाल पेनाने, काहीतरी खरडलेलं, जे आज मला स्वतःलाही वाचता येत नाही. १६ तारखेपासून चौकोन कोरे. तेव्हा मी दवाखान्यात दाखल होते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ह्यांच्या बदलीच्या गावी एका नव्या डॉक्टरांकडे गेलो होतो. सात वर्षं मी मन स्थिर ठेवणारं लिथियम घेत होते, ३०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. हाताला कंप यायचा. कपबशी नेताना बशीत चहा सांडायचा, आणि खातेदारासमोर सही करताना पेन थरथरलं की फार लाज वाटायची. तेवढीच तक्रार मी सांगितली. डॉक्टरांनी चिठ्ठीवरच्या लिथियमवर आडवी रेघ मारली. ‘ही बंद करा, उद्यापासून ही घ्या,’ म्हणाले. व्हॅल्प्रोएट ५००, मन स्थिर ठेवणारंच दुसरं औषध, रात्री एक. पुढची तारीख एक महिन्याने. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत चार-पाच मिनिटं झाली असतील. बाहेर पन्नासेक माणसं नंबर लावून बसली होती, तेही मी पाहिलं होतं.

पहिला आठवडा छान गेला. हात जरा स्थिर झाला. कपबशी वाजेना. मला वाटलं, हीच गोळी आधी मिळायला हवी होती. दहाव्या रात्री साडेतीनला जाग आली ती एकदम टवटवीत. फडताळ आवरलं, डबे घासले, सहाला सगळ्यांचा चहा तयार. दुसऱ्या रात्री दोनला उठले. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, ‘किती दिवसांनी सूनबाई अशी हसतखेळत आहे.’ त्यांची काही चूक नव्हती. झोप कमी झाली आणि तरी माणूस दमत नाही, उलट जास्तच उत्साहात आहे, तर ती धोक्याची घंटा असते, हे त्या घरात कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतरचं दूध मी रात्री आटवत बसायचे. पेढे करायचे होते. पतसंस्थेच्या कर्जदारांना वाटायचे होते, कारण माझ्या डोक्यात असं पक्कं बसलं होतं की सगळ्यांचं व्याज माफ करायचा अधिकार मला मिळाला आहे. १४ तारखेला पहाटे पाचला मी पेढ्यांचा डबा घेऊन घरोघर गेले. अकरा घरं झाली. एका म्हातारबाबांनी माझे पाय धरले, पोराच्या कर्जाने ते बेजार झाले होते. बाकीचं मला तुटक तुटक आठवतं, हे मात्र लख्ख आठवतं. महिन्याभराने बरी होऊन परत आले, तेव्हा त्यांना भेटून ‘ते खरं नव्हतं’ असं मलाच सांगावं लागलं.

एकोणीस दिवस दवाखान्यात काढले. कामावर परतल्यावर मला कॅशवरून काढून रेकॉर्डला बसवलं. संस्थेने नोकरीवरून काढलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण कॅश पुन्हा मिळाली नाही.

आता मुद्द्याचं बोलते. व्हॅल्प्रोएट वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. हजारो लोक त्याच्यावर व्यवस्थित आहेत. मला जे समजून घ्यावं लागलं ते असं, की लिथियम झटक्यात बंद केलं तर उन्माद उलटून येण्याचा धोका एकदम वाढतो, आणि तो पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात जास्त असतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे : लिथियम थांबवायचं तर किमान चार आठवडे, आणि शक्यतो तीन महिन्यांपर्यंत, हळूहळू कमी करत न्या. दुसरं उन्मादरोधक औषध चालू केलेलं असलं तरीसुद्धा. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग माझ्या चिठ्ठीवर आडवी रेघ का आली? कंप कमी करायला आधी रक्तातली लेव्हल बघता आली असती, डोस थोडा उतरवता आला असता, कंपासाठी वेगळी गोळीही असते. आणि मुख्य म्हणजे व्हॅल्प्रोएटनेही हात थरथरतात. ज्या तक्रारीसाठी गोळी बदलली, तीच तक्रार नव्या गोळीच्या दुष्परिणामांत होती. मला हे कुणी सांगितलं असतं तर मी ‘थांबा, विचार करते’ म्हटलं असतं.

आणखी एक गोष्ट कुणी विचारली नाही. मी तेव्हा तेहेतीस वर्षांची होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्याच महिन्यापासून आम्ही मुलासाठी प्रयत्न करायचं ठरवलं होतं. व्हॅल्प्रोएट चालू असताना दिवस राहिले तर दहातल्या एका बाळात जन्मतः व्यंग असू शकतं, पाठीच्या कण्याचं, हृदयाचं, टाळूचं. आणि दहातल्या तीन ते चार मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येऊ शकतात. ब्रिटनने २०१८ पासून यासाठी कडक नियम केले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या मुलींना आणि स्त्रियांना हे औषध देऊ नये असं सांगितलं. मला मात्र ‘पाळी नियमित आहे का’ एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. आम्हाला पुढे मूल झालं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत, ती इथे नकोत. पण त्या महिन्यात दिवस राहिले असते तर, हा विचार अजूनही कधी कधी रात्री येतो.

आमच्या बाजूचंही खरं बोलायला हवं. आम्ही गोळ्या लपवतो. मनानेच अर्ध्या करतो. ‘आता बरी आहेस ना, मग कशाला ते जहर पोटात’ असं माहेरी कुणीतरी म्हणतं आणि आम्हाला ते ऐकायचंच असतं. देवऋषाकडे जाऊन येतो आणि तुम्हाला सांगत नाही. मीही २०११ मध्ये दोन महिने एक गोळी कमी घेत होते आणि तुमच्यापैकी एकांसमोर सरळ खोटं बोलले होते. तुम्ही वैतागता ते मला कळतं. पण एक बघा. आम्ही स्वतः गोळी सोडली आणि आजारी पडलो तर केसपेपरवर ‘पेशंटने औषध बंद केलं’ असं लिहिलं जातं. तुम्ही बंद केली आणि आम्ही आजारी पडलो तर नुसतं ‘आजार उलटला’ असं लिहिलं जातं. माझ्या २०१६ च्या कागदावर तसंच आहे.

आता दुसरी गोष्ट सांगते, कारण नुसती तक्रार करायला मी बसलेले नाही. औषध नीट बदलता येतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

दवाखान्यातून निघाल्यापासून मी एका डॉक्टरबाईंकडे आहे. त्यांनी लिथियम पुन्हा चालू केलं, त्यावर मी सात वर्षं ठीक राहिले. दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते सांगणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि लिथियमची लेव्हल. लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं, हेही मला त्यांच्याकडेच पहिल्यांदा कळलं. आधी मी सकाळची गोळी खाऊन लॅबमध्ये जायचे आणि आकडा कसाही यायचा. हळूहळू क्रिएटिनिन चढत गेलं. ०.८, १.०, १.२, आणि २०२३ च्या सुरुवातीला १.४. किडनीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की आता लिथियम सोडता येईल का बघा.

मी रडले. हे तुम्हाला विचित्र वाटेल. ज्या गोळीने हात थरथरले, तहान लागली, थायरॉइड गेलं, ती सुटणार म्हणून कुणी रडतं का? पण चौदा वर्षांत मधले दीड महिने सोडले तर तीच माझ्या पायाखालची जमीन होती. ते दीड महिने मी पाहिले होते. डॉक्टरबाईंनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, ‘आपण घाई करायची नाही. आधी नवी गोळी पूर्ण बसू दे, मगच जुनी काढू.’ ह्यांना आत बोलावलं. ड्रॉवरमधून कोरा कागद काढला आणि लिहायला बसल्या.

ते पान माझ्याकडे आहे. घड्यांवर फाटलंय, मागून चिकटपट्टी लावली आहे. वर तीन रकाने : तारीख, सकाळ, रात्र. लॅमोट्रिजिन, म्हणजे ती नवी गोळी, पहिले दोन आठवडे २५, पुढचे दोन ५०, मग एक आठवडा १००, मग २००. झोपताना क्वेटियापिन ही आणखी एक नवी गोळी, कमी डोसपासून वर. लिथियम एप्रिलच्या मध्यापर्यंत जसं आहे तसंच, मग तीन महिन्यांत ९०० चं ६००, ६०० चं ३००, मग बंद. प्रत्येक पायरीसमोर तारीख. खाली पाच ओळी, त्या तशाच उतरवते :

‘अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, ताप : लॅमोट्रिजिन थांबवा, लगेच फोन.

लागोपाठ दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप : फोन.

पाच दिवस गोळी चुकली तर २०० पुन्हा घ्यायची नाही, २५ पासून सुरू करावी लागेल. आधी फोन.

उठताना चक्कर : बसून उठा, दोन मिनिटं थांबा.

मरावंसं वाटलं : वेळ बघू नका, रात्रीसुद्धा फोन.’

शेवटची ओळ त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावली. लिथियमचा एक मोठा गुण म्हणजे ते आत्महत्येचा धोका कमी करतं, म्हणून ते काढताना या गोष्टीवर जास्त लक्ष ठेवायचं, असं त्यांनी ह्यांच्याकडे बघून सांगितलं. ह्यांनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला होता. घरी येताना एसटीत आम्ही फार बोललो नाही. पण मधेच ह्यांनी विचारलं, ‘तुला कधी वाटलंय का तसं?’ आणि मी खरं उत्तर दिलं.

झोपेचे तास ह्यांनी कालनिर्णयावर लिहायचे ठरले. दुधाच्याच चौकोनात, खाली, पेन्सिलीने. १ लिटर, ७ तास. १ लिटर, साडेसात. दूध वर, झोप खाली.

पाचव्या आठवड्यात, ऐन एप्रिलच्या उकाड्यात, पाठीवर बारीक लाल पुरळ उठलं. रात्रीचे साडेनऊ. माझे हातपाय गार पडले, कारण लॅमोट्रिजिनचं पुरळ जिवावर बेतू शकतं हे मला माहीत होतं. पानावरच्या नंबरला फोन लावला. त्यांनी विचारलं, ताप आहे का, तोंडात काही आहे का, खाज सुटते का, फोटो पाठवा. फोटो पाहून म्हणाल्या, ‘आज रात्रीची गोळी घेऊ नका, सकाळी येऊन दाखवा.’ सकाळी बघितलं तर घामोळं होतं. एक गोळी चुकली एवढंच. तो नंबर नसता तर मी भीतीने सगळंच बंद केलं असतं आणि पाच-सहा दिवसांनी हिंमत करून एकदम १०० खाल्ली असती. त्यातला धोका केवढा, ते तुम्हीच जास्त जाणता.

सगळ्यात कठीण मात्र पुरळ नव्हतं. क्वेटियापिनने सकाळी डोकं शिसासारखं जड व्हायचं, साडेपाचच्या नळाला उठवेना, पाणी जाऊबाईंनी भरलं, तेही निभावलं. कठीण होतं ते स्वतःवरचा भरवसा जाणं. जूनच्या सुरुवातीला दहावीचा निकाल लागला, पुतण्याला एक्क्याण्णव टक्के. मी ओरडले, त्याला मिठी मारली, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आणि खोलीतले सगळे गप्प झाले. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. हे कालनिर्णयाकडे बघत होते. पोरगा पेढा हातात धरून उभा. तेव्हा लिथियमची रोजची फक्त ३०० ची एक गोळी उरली होती. मीही हसायची थांबले आणि मनात मोजायला लागले : काल किती झोपले, सात, परवा किती, सात. म्हणजे हे नुसतं सुख आहे. आजार नाही. पण ते मोजून होईपर्यंत तो क्षण निघून गेला होता.

डॉक्टर, औषध बदलायच्या त्या दोन-तीन महिन्यांत आम्हाला आनंदाचीही भीती वाटते आणि दुःखाचीही. पुढच्या तारखेला तुम्ही ‘कसं वाटतंय’ विचारता, आम्ही ‘ठीक’ म्हणतो. त्या ‘ठीक’मध्ये हे सगळं असतं. डॉक्टरबाईंना मी निकालाचा प्रसंग सांगितला, तेव्हा त्यांनी ह्यांना सांगितलं, ‘झोप बरोबर आहे तोवर तिला हसू द्या.’ हे वाक्य आम्ही घरी सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंना दोनदा.

जुलैत लिथियमची शेवटची गोळी घेतली. पाकिटात सहा शिल्लक होत्या, त्या मी बरेच दिवस टाकल्या नाहीत. क्रिएटिनिन आता १.३ वर थांबलं आहे.

त्या पानाव्यतिरिक्त आणखी थोडं सांगायचं आहे.

गोळी बदलते ती फक्त तुमच्या खोलीत नाही. मेडिकलवाला ‘ती कंपनी संपली, हीच घ्या, कंटेंट तोच आहे’ म्हणतो आणि लिथियमची सावकाश विरघळणारी ४०० ची देतो, नाहीतर साधी ३०० ची. आम्हाला फरक कळत नाही. गुडघा दुखतो म्हणून गावातले डॉक्टर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देतात आणि लिथियमची लेव्हल वर जाते. हरतालिकेला आम्ही निर्जळी उपवास करतो. २०१० ला मी केला होता, लिथियम चालू असताना. संध्याकाळपर्यंत उलट्या, जीभ जड, चालताना झोक जायला लागला. सगळे म्हणाले, उपवास बाधला. शरीरात पाणी कमी झालं की लिथियम साठत जातं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. रोजे धरणाऱ्या बायका असतात, उन्हातान्हात वारीला चालणारे असतात, ऊसतोडीला जाणारे असतात. गोळी ठरवताना किंवा बदलताना तुम्ही एकदा विचारलंत, ‘उपवास करता का, कामाला उन्हात असता का’, तर आम्ही सांगू. न विचारता सांगायचं आम्हाला सुचत नाही, कारण त्याचा गोळीशी काही संबंध असेल हेच माहीत नसतं.

आणि कोणता त्रास सोसवेल ते आम्हालाच ठरवू द्या. मला हाताचा कंप सलायचा, कारण माझं काम सहीचं आणि आकड्यांचं. माझ्याबरोबर ओपीडीत बसणारा एक टेंपोचालक आहे, त्याला कंप चालतो, पण सकाळची गुंगी चालत नाही, पहाटे चारला त्याला भाजी भरायची असते. एक कॉलेजची मुलगी आहे, तिचं वजन सहा महिन्यांत अकरा किलो वाढलं आणि तिने गोळ्या खिडकीतून फेकल्या. तिला कुणी विचारलं असतं तर तिने आधीच सांगितलं असतं की वजन वाढलेलं मला सहन होणार नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आमचा हा हक्क लिहिलेला आहे. आजार काय आहे, उपचार काय ठरवले आहेत, त्यांचे माहीत असलेले दुष्परिणाम कोणते, ही माहिती आम्हाला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, असं कलम २२ म्हणतं. आणि पुढे कधी भान सुटलं तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायची सोय कलम ५ मध्ये आहे. मी हे कायद्याचा धाक घालायला सांगत नाही. तुमच्याशी मला भांडायचं नाही, तुमच्याशिवाय माझं चालणारही नाही. पण माझ्यासारख्या किती जणींना हे कलम माहीत असेल? ओपीडीच्या भिंतीवर हात धुण्याचं पोस्टर असतं. हेही लावा.

तुम्ही म्हणाल, वेळ कुठून आणायचा. खरं आहे. आपल्या देशात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही येत नाही, आणि तुमच्या दारातली ती गर्दी मी त्याच गर्दीत बसून पाहिली आहे. पण ते पान तुम्ही स्वतःच्या हातानेच लिहायला हवं असं नाही. लॅमोट्रिजिनच्या पायऱ्या बहुतेकांना त्याच असतात, लिथियम उतरवायची पद्धतही साधारण ठरलेली असते. छापील नमुना करून ठेवा, तारखा तेवढ्या भरा. समाजसेविका किंवा नर्सताई घरच्या माणसाला बाहेर बसवून पाच मिनिटांत समजावू शकतात. वाचता येत नसेल त्याच्यासाठी सूर्य-चंद्र काढा. आणि फोन नंबर. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर २०२२ पासून आहे, रात्री-बेरात्री तिथे कुणीतरी बोलतं, त्याचा आधार मोठा आहे. पण माझं लिथियम कोणत्या पायरीवर आहे ते तिथल्या माणसाला कसं कळणार? त्यालाही मला ते पानच वाचून दाखवावं लागेल.

गोळी बदलली की पुढची तारीख महिन्याची देऊ नका. पंधरा दिवसांनी बोलवा. एसटीचं भाडं आणि बुडणारी हजेरी आम्हाला परवडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे म्हणूनच तुम्ही लांबची तारीख देता, तेही मी ओळखून आहे. मग आठवड्याने एक फोन करायला सांगा. दोन प्रश्न पुरतात : झोप किती, आणि घरचे काय म्हणतात.

२०१६ च्या त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, आता नाही. मी त्यांना पुन्हा भेटले नाही. त्यांनी हे पत्र वाचलं तर मला ओळखायचेही नाहीत. माझं एवढंच म्हणणं आहे की त्या दिवशी माझ्यानंतर जो कुणी आत गेला, त्याच्याही चिठ्ठीवर एक रेघ ओढली गेली असेल आणि त्याच्या घरीही कुणाला काही माहीत नसेल.

डॉक्टरबाईंना विचारून मी त्यांच्या पानाच्या पन्नास झेरॉक्स काढल्या आहेत, डोस आणि तारखांच्या जागा कोऱ्या ठेवून. माझी पुढची तारीख येत्या गुरुवारी आहे. ओपीडीत नंबर देणाऱ्या मावशींच्या टेबलावर ठेवणार आहे. त्या म्हणाल्या, ठेवा, पण वर काहीतरी वजन ठेवा, पंख्याने उडतात.

आपली,
एक पेशंट
सातारा जिल्हा